भरवशाचा दिग्दर्शक कसा ओळखायचा (आणि जुने साहसपट नीट कसे बघायचे)

आमचे बाबा पिंपरीला एका कंपनीत टूलरूमला होते, आयटीआय केलेले फिटर, इंग्रजी म्हणजे ड्रॉइंगवरचे आकडे आणि मशीनवरची अक्षरं लागतील एवढंच. आणि ह्या माणसाने मॅकेनाज गोल्ड हा पिक्चर थेटरात तीनदा बघितलाय, इंग्रजीतून, खाली पट्ट्या वगैरे काही नाही. लहानपणी मी विचारायचो बाबा तुम्हाला कळायचं काय, तर ते अख्खी स्टोरी सांगायचे, सोन्याच्या दरीचा नकाशा होता तो त्याने जाळून टाकला, आता नकाशा फक्त त्याच्या डोक्यात, म्हणून डाकू त्याला मारू पण शकत नाही आणि सोडू पण शकत नाही, आणि मग पहाटे सूर्य उगवला की त्या उंच सुळक्याची सावली लांब लांब होत जाते आणि बरोबर वाट दाखवते. सावलीपाशी आले की बाबा हात लांब करून दाखवायचे.

मी पुढे मोठा झालो, चार जागतिक सिनेमे बघितले, आणि मग त्या पिक्चरला नावं ठेवायला लागलो. घोड्यावरचे क्लोजअप स्टुडिओत घेतलेत हे आंधळ्याला पण दिसतं, मधेच कोणीतरी निवेदन करतो, शेवटी भूकंप. सगळं खरंय. अमेरिकेत तो पिक्चर पडला होता, चालला तो आपल्याकडे आणि जोरदार चालला. पण मला एक गोष्ट कळायला फार वर्षं लागली, की भाषा न कळणाऱ्या माणसाला दोन तास गोष्ट कळत राहते हे आपोआप होत नसतं. कोणीतरी ते केलेलं असतं. ज्याने केलं त्याचं नाव जे. ली थॉम्पसन, आणि बाबांना ते नाव आजही माहीत नाही.

तर हे लिहितोय ते अशा लोकांविषयी, ज्यांचं नाव पोस्टरवर बारीक अक्षरात असायचं, स्टुडिओने स्क्रिप्ट हातात ठेवली की वेळेत आणि पैशात पिक्चर करून द्यायचे, आज वेस्टर्न म्हणजे घोडे-बंदुकांचा काउबॉयपट, उद्या युद्धपट, परवा समुद्री चाचे. मराठीत ह्यांना काय म्हणायचं मला नक्की सुचत नाही, मी भरवशाचा म्हणतो. एक सावधगिरी मात्र सुरुवातीलाच, भरवशाचा वेगळा आणि पाट्या टाकणारा वेगळा. दोघंही सांगितलेलं काम करतात, दोघांचीही मुलाखत कोणी घेत नाही, लांबून दोघं सारखेच दिसतात. ह्यातला फरक डोळ्याला दिसायला लागला की तुमचं काम झालं, बाकी सगळं त्यासाठीच आहे.

आधी डोक्यातनं एक गोष्ट काढायची, ती म्हणजे दिग्दर्शकाची सही शोधणं. ही सवय आपल्याला फ्रान्सहून आलीये. १९५४ मध्ये त्रुफो नावाच्या तरुण फ्रेंच समीक्षकाने एक लेख लिहिला, तिथून पुढे त्या मंडळींनी मांडलं की सिनेमा हा दिग्दर्शकाचा, लेखकाचं जसं पुस्तक तसं. मग अमेरिकेत अँड्र्यू सॅरिस ह्या समीक्षकाने १९६८ मध्ये हॉलीवुडच्या दिग्दर्शकांची चक्क प्रतवारी लावणारं पुस्तक काढलं, वर देवघर, मग खाली खाली कप्पे. त्यात कॅसाब्लांकावाला मायकेल कर्टिझ कुठल्या कप्प्यात, तर 'लाइटली लायकेबल'. म्हणजे आपण भाजीला 'बरी झालीये' म्हणतो तसं. गंमत म्हणजे त्या फ्रेंच पोरांनी डोक्यावर घेतलेले हिचकॉक आणि हॉक्स हे पण स्टुडिओतच काम करणारे लोक होते, त्यामुळे त्या विचाराशी माझं भांडण नाहीये, फक्त तो चष्मा लावून भरवशाचा माणूस दिसत नाही. पंगतीतल्या आचाऱ्याची सही तुम्ही शोधता का? दोनशे पानं उठली, वरण गार नव्हतं, जिलबी शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली, ही त्याची सही.

पुण्यात हे बोलणं जरा रिस्की आहे हे मला माहितीये. इथे एफटीआयआय म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रोडला १९६४ पासूनचं फिल्म अर्काइव्ह आहे, दर तिसऱ्या माणसाने कुठल्यातरी फिल्म क्लबात स्वीडनचा बर्गमन बघितलेला असतो. मी एकदा एका क्लबात व्हेअर ईगल्स डेअर हा युद्धपट लावूया म्हटलं तर एक जण माझ्याकडे असं बघायला लागला जसं मी पुरणपोळीवर सॉस मागितला. पण त्याच अर्काइव्हमध्ये पी. के. नायर होते, ज्यांनी आयुष्यभर हाताला लागेल ती रीळ गोळा केली, फक्त थोरामोठ्यांच्या नाही. माझा दाखला तो.

आता करायचं काय.

सगळ्यात सोपी परीक्षा बाबांची. पिक्चर लावा, मधलीच कुठलीतरी दहा मिनिटं निवडा आणि आवाज पूर्ण बंद करा. म्युझिक नको, डायलॉग नको, सबटायटल पण बंद. आता बघा कोण कोणाच्या मागे आहे, कोण कोणाला घाबरतो, दार कुठल्या बाजूला, बंदूक कोणाच्या हातात, हे कळतंय का. कळत असेल तर दिग्दर्शकाने काम केलंय. हल्लीच्या मोठमोठ्या पिक्चरच्या मारामारीवर हे करून बघा, मी नावं घेत नाही, पण दोन मिनिटांत तुम्हाला कळेनासं होईल की आपण गच्चीवर आहोत का तळघरात, कारण सगळं आवाजावर आणि कटिंगवर रेटलेलं असतं. पाट्या टाकणाऱ्याचा पहिला पुरावा हा.

दुसरं, कागद पेन्सिल घेऊन नकाशा काढा. हसू नका, मी खरंच काढतो. पुण्यातल्या माणसाला हे जड जाऊ नये, अर्धं पुणं शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतं आणि गड म्हटलं की आपण आधी विचारतो वाट कुठनं, दरवाजा कुठे, पाणी कुठे, उतरायचं कसं. तानाजीची गोष्ट आपल्याला इतकी लख्ख का आठवते, तर कडा आहे, दोर आहे, आणि दोर कापले की मागे जायची वाट बंद. साहसपट म्हणजे ह्याच्यापलीकडे काही नसतं. व्हेअर ईगल्स डेअर घ्या, १९६८ चा, दिग्दर्शक ब्रायन हटन. खाली बर्फातलं गाव, वर कड्यावर किल्ला, किल्ल्यात पकडलेला अमेरिकन जनरल, आणि गाव ते किल्ला जायला मधे केबल कार. संपला नकाशा. शूटिंग ऑस्ट्रियात झालं आणि किल्ला खरा आहे, होहेनवेर्फेन. ह्या पिक्चरचा प्लॉट इतका गुंतागुंतीचा आहे की कोण कोणाच्या बाजूचा हे मला दुसऱ्यांदा बघतानाही नीट लागलं नव्हतं, मधे रिचर्ड बर्टन एका खोलीत बसून सगळ्यांना गंडवतो आणि त्यात आपणही गंडतो, पण जागेविषयी एक क्षण शंका येत नाही. ती वायर आणि तो डबा आपल्याला सुरुवातीला निवांत दाखवलेला असतो, वर जाताना ते डब्याच्या टपावरून जातात, तेव्हाच उंची कळते, आणि म्हणून शेवटी त्याच टपावर मारामारी होते तेव्हा पोटात गोळा येतो. हटनने फार पिक्चर केले नाहीत, पण ह्याच्यापाठोपाठ १९७० मध्ये केलीज हीरोज केला, तो पण क्लिंट ईस्टवुडला घेऊन, आणि तो सगळा टवाळ आहे. एकच माणूस, दोन वेगळे जॉब.

जॉब हा शब्द बाबांचा. टूलरूममध्ये प्रत्येक गोष्ट जॉबच असते. ते म्हणायचे, चांगला जॉब कसा ओळखायचा, तर तो असेंब्लीत बसला की त्याच्याकडे परत कोणी बघत नाही. एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जास्त राहिला की मग सगळी कंपनी येऊन बघते.

तिसरी गोष्ट, पहिल्या अर्ध्या तासात फोनला हात लावायचा नाही. जुन्या साहसपटांवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच की सुरू व्हायला वेळ लागतो. लागतो. कारण आधी एका टेबलाभोवती लोक बसतात, भिंतीवर नकाशा, छडी घेऊन एक म्हातारा साहेब मोहीम समजावतो, मग एकेक माणूस गोळा करतात, हा चढणारा, हा दारूगोळावाला, हा सुरी चालवणारा. तुम्ही ह्यावेळी रील्स बघत बसलात तर पुढचे दीड तास तुम्हाला काहीच लागणार नाही आणि मग म्हणाल बोअर आहे. ब्रीफिंगमध्ये जे सांगितलं जातं ते म्हणजे उधारी असते, नंतर एकेक करून फेडली जाते. पाट्या टाकणारा उधारी करून विसरतो.

ह्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण गन्स ऑफ नॅव्हरोन, १९६१, तोच थॉम्पसन. हा गडी तिथे मुळात रिप्लेसमेंट होता. आधी अलेक्झांडर मॅकेंड्रिक दिग्दर्शक होता, शूटिंग सुरू व्हायच्या तोंडावर त्याला काढलं आणि ह्याला बोलावलं. आपल्याकडे नाटकाला रिप्लेसमेंट म्हटलं की तिकीट काढलेले लोक नाक मुरडतात, इथे ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, अँथनी क्विन असे तीन मोठे नट, ग्रीसमधलं ऱ्होड्स बेट, बोटी, तोफा, सगळं आयतं उभं आणि मधे हा नवीन माणूस. त्याला त्यावर्षी दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालं.

शेवटचा भाग बघा, आणि शेवट काय होणार हे तुम्हाला माहीत असलं तरी चालतं, तोफा उडवायला गेलेत म्हणजे तोफा उडणार. निव्हन स्फोटकं लावतो ती दोन ठिकाणी. काही तोफांच्या आसपास, जी जर्मनांना सापडावीत म्हणूनच आहेत, आणि खरी ती खाली, गोळे वर आणणाऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात. लिफ्ट पुरेशी खाली आली की दोन तारा चिकटणार आणि बार. जर्मन येतात, वरची स्फोटकं काढतात, तोफा सुरू करतात. समुद्रात आपली जहाजं येतायत. लिफ्ट खाली येते. थांबते. तारेला टेकत नाही. परत वर जाते. तोफ उडते. परत खाली येते, आता अजून जवळ. आणि आपण सोफ्यावर बसून लिफ्टला म्हणत असतो ये ना अजून थोडी. मी हा सीन बाबांना दाखवला तेव्हा ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, 'लिमिट स्विच लावलाय.' बरोबर. वस्तू ठरलेल्या जागी आली की आपोआप दाबला जाणारा स्विच, अख्ख्या युद्धपटाचा शेवट त्यावर. ह्यात कॅमेऱ्याची करामत शून्य आहे, लिफ्ट, तार, माणसाचा चेहरा, जहाज, परत लिफ्ट. पण कुठला तुकडा किती वेळ ठेवायचा ते बघा. लिफ्ट पहिल्याच फेरीत टेकली असती तर नुसता आवाज झाला असता, आणि सहा-सात वेळा खालीवर केली असती तर लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या.

चौथं काम जरा वेळखाऊ आहे पण खरी मजा त्यातच आहे. एक दिग्दर्शक पकडा आणि त्याचे लागोपाठ तीन पिक्चर बघा, एका आठवड्यात. मी सुरुवातीला सगळ्यांना जॉन स्टर्जेस सांगतो. बॅड डे अॅट ब्लॅक रॉक १९५५, मॅग्निफिसंट सेव्हन १९६०, ग्रेट एस्केप १९६३. मधला कुरोसावाच्या सेव्हन सामुराईवरून बेतलेला, शेवटचा जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून पळालेल्या लोकांच्या खऱ्या घटनेवर. हे तीन बघितलेत की तुमच्या लक्षात येईल की ह्या माणसाला रुंद पडद्यावर माणसं उभी करायची अक्कल होती. सहा जण आहेत ना, मग सहा जण एका ओळीत कधी उभे नसतात. एक खुर्चीत, एक दाराच्या चौकटीला टेकलेला, एक लांब रस्त्यापलीकडे, आणि कोण कोणाकडे बघत नाहीये त्यावरून तुम्हाला कळतं भीती कुठे आहे.

ब्लॅक रॉकची गोष्ट चार ओळींची आहे. वाळवंटातलं एक पडीक गाव, जिथे चार वर्षं गाडी थांबलेली नाही, तिथे एके दिवशी गाडी थांबते आणि एक हात निकामी असलेला म्हातारा उतरतो, स्पेन्सर ट्रेसी. काळा कोट, एक हात कायम खिशात. गावाला तो नकोय. का नकोय ते सांगत नाही. फक्त ८१ मिनिटांचा पिक्चर, आपल्या नाटकाचा एक अंक तेवढा असतो. त्यात एक खानावळीचा सीन आहे. ट्रेसी काउंटरला बसून चिली खातोय, म्हणजे राजमा-खिम्यासारखा एक प्रकार. अर्नेस्ट बोर्गनाइन, गावचा दांडगट, येतो, आधी जागेवरून कुरापत काढतो, मग केचपची बाटली उचलतो आणि ट्रेसीच्या वाडग्यात ओततच राहतो. ओततच राहतो. ट्रेसी काही बोलत नाही. आपल्याला वाटतं आता होईल काहीतरी, नाही होत. बोर्गनाइन बोलत राहतो, ढोसतो, डिवचतो, ट्रेसी उठून चाललाय. आणि मग बोर्गनाइन अंगाला हात लावतो, आणि पुढच्या काही सेकंदांत तो दांडगट दारासकट बाहेर. एका हाताने. मी हा सीन किमान वीसदा बघितलाय आणि दर वेळी माझं लक्ष मारामारीवर नसतं, त्या केचपवर असतं. मारामारी कोणीही घेईल हो. तेवढा वेळ थांबायचं, नटाला गप्प ठेवायचं, प्रेक्षकाला तापवत ठेवायचं, ही खरी गोष्ट.

आणि ग्रेट एस्केपमधली माती. भुयार खणायचं म्हणजे माती निघणार, ती जर्मनांना न दिसता टाकायची कुठे? पँटच्या आत लांब पिशव्या, खिशातनं दोरी ओढली की पिशवी खालून उघडते, माती हळूच बागेत सांडते, आणि चालता चालता पायाने ती मिसळून टाकायची. पिक्चर पावणेतीन तासांचा आहे पण ह्या मातीच्या भानगडीला तो पुरेसा वेळ देतो, आधी एक जण खोलीत करून दाखवतो आणि मग आपण मैदानात सगळ्यांना ते करताना बघतो. माझा मुलगा सातवीत आहे, दर पाच मिनिटांनी फोन मागणारा प्राणी, तो ह्या सीनला फोन विसरला आणि दुसऱ्या दिवशी आईच्या जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवायची मागणी झाली. मोटरसायकलची फेमस उडी त्याला आवडलीच, ती स्टीव्ह मॅक्वीनने नाही तर त्याच्या दोस्ताने, बड एकिन्सने मारलीये हे सांगितल्यावर जरा हिरमुसला, पण लक्षात माती राहिली.

हे एकिन्सचं निघालं म्हणून सांगतो, शेवटची नावं येतात ना ती वाचत चला. भरवशाच्या दिग्दर्शकाची एक मोठी खुबी असते की त्याला दुसऱ्याचं काम दुसऱ्याला करू देता येतं. व्हेअर ईगल्स डेअरचं सेकंड युनिट, म्हणजे स्टंट वगैरे वेगळं शूट करणारी दुसरी टीम, यकिमा कनटकडे होतं, हा तोच, ज्याने बेन-हरची रथांची शर्यत उभी केली, आणि केबल कारवरून केबल कारवर उडी मारणारा माणूस म्हणजे अल्फ जॉइंट नावाचा स्टंटमन. जेसन अँड द अर्गोनॉट्समधली सांगाड्यांची लढाई, १९६३ ची, रे हॅरीहाउझनच्या नावाने ओळखली जाते आणि बरोबरच आहे, त्या सात सांगाड्यांना एकेक फ्रेम हलवायला त्याला साडेचार महिने लागले. पण नटांकडून आधी स्टंटमनबरोबर तालीम करून घ्यायची आणि मग समोर कोणी नसताना नुसत्या हवेत तलवारी मारताना त्यांचं शूटिंग करायचं, नजर बरोबर जागी, घाव बरोबर उंचीवर, ही हमाली पण कोणीतरी केलेली असते. तो दिग्दर्शक डॉन चॅफी. नाव ऐकलंय? नाही ना. मी पण बरीच वर्षं ऐकलं नव्हतं.

कर्टिझविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर मगाचचा तो 'बरी झालीये' शेरा तसाच राहील. हंगेरीचा माणूस, वॉर्नर स्टुडिओत दबादब पिक्चर काढायचा, इंग्रजी शेवटपर्यंत मोडकं. चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेडच्या सेटवर त्याला स्वार नसलेले घोडे पाहिजे होते तर ओरडला 'ब्रिंग ऑन द एम्प्टी हॉर्सेस', आणि त्यात काम करणाऱ्या डेव्हिड निव्हनला ते इतकं आवडलं की त्याने पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाला तेच नाव दिलं. १९३८ च्या रॉबिन हूडला पण तो नंतरच आला, आधी विल्यम केली करत होता, स्टुडिओने मधेच ह्याला आणलं. त्यातलं शेवटचं तलवारयुद्ध लावा, एरल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन, लढता लढता दोघं खांबामागे जातात, आणि आपल्याला दिसतात फक्त दोन प्रचंड सावल्या दगडावर. मग परत माणसं येतात. ह्याला कोणी कला म्हणा नाहीतर म्हणू नका, मला तिथे दर वेळी काटा येतो. चार वर्षांनी हाच माणूस कॅसाब्लांका करतो ज्यात तलवार नाही की घोडा नाही.

पण हे सगळं सोनंच आहे असं समजू नका, आणि प्रेमात पडून थापा मारू नका. त्याच लाइट ब्रिगेडच्या शूटिंगला घोड्यांच्या पायात तारा लावून पाडलं, त्यात बरेच घोडे मेले, आणि पुढे त्यावरून बोंब झाली. पडद्यावर ते पडणं बघताना मला आता मजा येत नाही. हिंदुस्थानी, अरबी, आफ्रिकी माणूस आला की तो बहुतेक वेळा गोरा नट काळं फासून आलेला असतो, आणि मॅकेनाज गोल्डमधले रेड इंडियन लोक बघून तर कपाळाला हात लावावा. घरात मुलं असतील तर तिथे पॉज करून बोला, दोन मिनिटं लागतात. आणि माणसं घसरतात हेही बघा. थॉम्पसननेच १९८५ मध्ये किंग सॉलोमन्स माइन्स केला, इंडियाना जोन्सची लाट आली होती म्हणून घाईत उरकलेला, आणि तो बघताना कळतं पाट्या टाकणं म्हणजे काय, कोणालाच कशाचं वजन नाही, नकाशा काढायला गेलात तर कागद कोरा राहील. स्टर्जेसचा आइस स्टेशन झेब्रा मी दोन वेळा सुरू केला आणि दोन्ही वेळा पाणबुडीतच झोपलो. मुद्दाम एखादा असा बघाच. चांगला कुठे चांगला होता ते वाईट बघितल्यावर जास्त कळतं.

आपल्याकडचे कोण, हा प्रश्न येतोच. मला विचाराल तर अनंत माने. प्रभातच्या तालमीत, एडिटिंगच्या टेबलावर तयार झालेला माणूस. त्यांचा सांगत्ये ऐका, १९५९ चा, पुण्याच्या विजयानंद थेटरला १३१ आठवडे चालला. एकशे एकतीस. लोक बुगडी ऐकायला गेले हे ठीक, पण गाणं काय रेडिओवर पण लागत होतं की, अडीच वर्षं लोक बैलगाड्या जोडून येत असतील तर गोष्ट नीट सांगितलेली असणार. आणि राजा ठाकूर. रंगल्या रात्री अशा, मग एकटी, मग मुंबईचा जावई, आणि पुढे जख्मी नावाचा सुनील दत्तचा हिंदी मारधाडवाला. ह्यातला मुंबईचा जावई घ्या, एका चाळीतल्या खोलीत घरातली सगळी माणसं कोंबलीयेत आणि तरी कोण कुठे बसलंय ह्याचा कधी गोंधळ होत नाही. साहसपट नाहीये तो, मान्य, पण दहा बाय बाराच्या खोलीत एवढी माणसं हलवणं हे किल्ल्यावर कमांडो चढवण्याइतकंच अवघड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मुलांसाठी साहसच पाहिजे असेल तर महेश कोठारेंचा धडाकेबाज लावा, त्यातल्या कवट्या महांकाळला घाबरलेली एक पिढी आज होमलोन फेडतीये.

आता जरा टीव्हीची तांत्रिक बाजू, कारण इथे लोक हमखास माती खातात. एक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये तो मोशन स्मूदिंगचा, म्हणजे हालचाल गुळगुळीत करायचा प्रकार असतो, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, तो बंद करा, नाहीतर १९६१ चा पिक्चर सास-बहू सिरियलसारखा दिसतो. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या म्हणून झूम करून स्क्रीन भरू नका. आमच्याकडे एका पाहुण्याने हे केलं होतं, 'पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत' म्हणून. ब्लॅक रॉक सिनेमास्कोपमध्ये आहे, चित्र उंचीच्या अडीचपटीहून जास्त रुंद. झूम केलंत की दोन्ही कडांची माणसं गेली, आणि स्टर्जेसने सगळी भीती तिथेच ठेवलेली असते. फोनवर तर बघूच नका, केचप दिसेल पण दाराला टेकलेला ली मार्विन दिसणार नाही.

थेटरात बघायला मिळणं आता अवघडच. अलका, राहुल, वेस्ट एंड अशी नावं घेतली की आमच्या पिढीच्या लोकांना इंग्रजी पिक्चर आठवतात, बाबांच्या पिढीला तर जास्तच. त्यामुळे घरीच बघा पण एकट्याने बघू नका, हे पिक्चर गर्दीसाठी बनवलेत, निदान तीन माणसं आणि भडंग तरी पाहिजे. रात्री साडेनऊनंतर सुरू करू नका, पावणेतीन तासांचा असेल तर बाराच्या सुमाराला कोणीतरी घोरायला लागतं. मध्यांतर स्वतः ठरवा, ब्रीफिंग संपून माणसं निघाली की पहिला चहा.

मागच्या शनिवारी आम्ही ब्लॅक रॉक लावला, मी, मुलगा आणि बाबा. बाबा आता ऐंशीला आलेत, ऐकू कमी येतं, कानाचं मशीन लावायचा कंटाळा करतात, म्हणजे त्यांच्यासाठी आवाज बंदच. केचपच्या सीनला मुलगा म्हणाला आजोबा हा म्हातारा का गप्प बसलाय, आणि बाबांना प्रश्न ऐकूच गेला नाही. बोर्गनाइन दारातनं बाहेर पडला तसं ते एकदम म्हणाले, 'थांब. मागे घे. तो मघापासून दाराच्या बाजूलाच उभा होता का बघू.'

मागे घेतलं. होता.